बर्लिन विद्यापीठातील संशोधनशिक्षण व इरावती कर्वे

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संशोधनाची शास्त्रीय पद्धती आत्मसात करण्यासाठी महाराष्ट्रातील जे मोजके अभ्यासक यूरोपातील जुन्या विद्यापीठांत गेले, त्यांमध्ये मानवशास्त्रज्ञ व समाजशास्त्रज्ञ इरावती दिनकर कर्वे (१५ डिसेंबर १९०५–११ ऑगस्ट १९७०) यांचे उदाहरण अनेक दृष्टींनी वेगळे आहे. १९२८ ते १९३० या काळात त्यांनी बर्लिन येथे मानवमितीचे शिक्षण घेतले आणि मानवी कवटीच्या असममितीवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली. ज्या गुरूंनी त्यांना मोजमापाचे तंत्र शिकविले, त्यांच्याच वंशविषयक गृहीतकाला या प्रबंधातील मोजमापांनी आधार दिला नाही. पद्धती आणि ती शिकविणाऱ्याचे मत या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात की नाही, हा शास्त्राच्या इतिहासातील जुना प्रश्न आहे. इरावतीबाईंच्या बर्लिनमधील दोन वर्षांत तो प्रत्यक्ष कवट्यांच्या रूपाने टेबलावर मांडलेला दिसतो.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर झाली. प्रारंभी ते मुख्यतः परीक्षा घेऊन पदव्या देणारे विद्यापीठ होते. अध्यापन संलग्न महाविद्यालयांत चाले आणि तेथील प्राध्यापकाचे कर्तव्य नेमलेले ग्रंथ शिकविणे एवढेच मानले जाई. संशोधन होत नव्हते असे नाही. रा. गो. भांडारकर, का. त्र्यं. तेलंग यांच्यासारख्या विद्वानांनी स्वतःच्या व्यासंगाने मोलाचे कार्य केले. पण ते व्यक्तीचे कार्य होते. नवीन विद्यार्थ्याला हाताशी धरून, साधने कशी गोळा करावीत, ती कशी तपासावीत, निष्कर्ष कोठे थांबवावा, हे शिकविणारी व्यवस्था येथे फार उशिरा आली. त्यामुळे ज्याला पद्धती शिकावयाची होती त्याला समुद्र ओलांडावा लागे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी केंब्रिज येथे १८९९ मध्ये ‘सीनियर रँग्लर’ हा मान मिळविला. तथापि केंब्रिजची ती परीक्षा बुद्धीची कसोटी होती, संशोधनाची नव्हे. संशोधनाचे शिक्षण हवे असणारा विद्यार्थी त्या काळी जर्मनीची वाट धरी. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी बर्लिनमध्येच, पहिल्या महायुद्धातील स्थानबद्धता सोसून, डॉक्टरेट मिळविली आणि पुढे १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था उभारली. त्यांच्या आधी, १९१४ मध्ये, विष्णु सीताराम सुखठणकर यांनी त्याच विद्यापीठात हाइन्रिख लूडर्स यांच्या मार्गदर्शनाखाली शाकटायनाच्या व्याकरणावर प्रबंध लिहिला होता. त्यांचा उल्लेख पुढे पुन्हा करावा लागेल.

बर्लिन विद्यापीठ १८१० मध्ये सुरू झाले. बोलोन्या, पॅरिस वा हायडल्‌बर्ग यांच्या मानाने ते तरुण. परंतु आधुनिक विद्यापीठाची जी कल्पना जगभर मान्य झाली ती मुख्यतः तेथून पसरली. व्हिल्हेल्म फोन हुंबोल्ट यांच्या योजनेत अध्यापन आणि संशोधन ही एकच क्रिया होती. ज्ञान हे पूर्ण झालेले नाही, ते अद्याप शोधावयाचे आहे, असे मानून शिक्षक व विद्यार्थी या दोघांनीही काम करावे, असा तिचा आशय होता. या कल्पनेला व्यवहारात दोन साधनांनी रूप आले. एक म्हणजे चर्चासत्र. त्यात विद्यार्थी मूळ साधनांवरून निबंध वाची आणि इतर त्याच्यातील दोष काढीत. दुसरे साधन प्रयोगशाळा. तेथे तो प्राध्यापकाच्या शेजारी उभा राहून तंत्र शिके. शेवटी प्रबंध लिहावा लागे आणि मुख्य विषयाबरोबरच दुय्यम विषयांतही तोंडी परीक्षा द्यावी लागे. मानवशास्त्रात बर्लिनचे नाव रूडोल्फ फीर्खो यांच्यामुळे झाले. विकृतिवैज्ञानिक म्हणून प्रसिद्ध असलेल्या फीर्खो यांनी १८६९ मध्ये बर्लिनची मानवशास्त्र संस्था स्थापन करण्यात पुढाकार घेतला आणि जर्मनीतील ६७ लाखांहून अधिक शाळकरी मुलांच्या केसांच्या, डोळ्यांच्या व त्वचेच्या रंगांची पाहणी केली. तिचा अहवाल १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. शुद्ध ‘जर्मन’ शरीरलक्षणांचा एकजिनसी समाज तीत सापडला नाही. मोजणीने प्रचलित समजुतीला धक्का देण्याचा हा प्रकार बर्लिनला नवा नव्हता, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

इरावतीबाईंचा जन्म ब्रह्मदेशातील म्यिंजान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर हे तेथील एका कापूस कंपनीत अभियंता होते. इरावती या नदीवरून मुलीचे नाव ठेवण्यात आले. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्यास हुजूरपागेच्या शाळेत पाठविण्यात आले आणि तिचे पुढील पालनपोषण रँग्लर परांजपे यांच्या घरी झाले. पुस्तके, इंग्रजी संभाषण आणि धार्मिक बाबतीत संपूर्ण बुद्धिवाद, असे ते घर होते. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ मध्ये तत्त्वज्ञान हा विषय घेऊन त्या बी. ए. झाल्या. नंतर मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्राचा अभ्यास करून १९२८ मध्ये त्यांनी एम्‌. ए. पदवी मिळविली. चित्पावन ब्राह्मण हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. घुर्ये स्वतः केंब्रिजमध्ये रिव्हर्स व हॅडन यांच्या हाताखाली तयार झालेले. हर्बर्ट रिस्ली यांनी नाकाच्या निर्देशांकावरून भारतीय जातींची जी वांशिक उतरंड रचली होती तिच्यातील दोष घुर्ये यांनी पुढे १९३२ च्या आपल्या ग्रंथात दाखविले. म्हणजे मोजमाप आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष यांत अंतर असू शकते, ही जाणीव इरावतीबाईंना मुंबईतच झाली असणार.

त्यांचा विवाह महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र दिनकर यांच्याशी झाला होता. दिनकरराव जर्मनीतच रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवून आलेले होते व फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करीत होते. पत्नीनेही तेथे जाऊन शिकावे असा त्यांचा आग्रह होता. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षींना मात्र सुनेने परदेशी जाणे पसंत नव्हते. विधवांसाठी आश्रम व स्त्रियांसाठी विद्यापीठ काढणाऱ्या पुरुषाची सहानुभूतीही घरातल्या सुनेपाशी येऊन कशी अडखळते, याचे हे उदाहरण मानावे लागेल. जीवराज मेहता यांनी कर्ज दिल्यामुळे पैशाची अडचण दूर झाली आणि १९२८ च्या अखेरीस त्या जर्मनीस गेल्या.

बर्लिनच्या डालेम या उपनगरात १९२७ मध्ये कैसर व्हिल्हेल्म मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकी व सुप्रजाजननशास्त्र संस्था सुरू झाली होती. संस्था स्वतंत्र होती. पण तिचे संचालक ऑयगेन फिशर (१८७४–१९६७) हे बर्लिन विद्यापीठात मानवशास्त्राचे प्राध्यापक असल्याने तेथे काम करणाऱ्या विद्यार्थ्याला विद्यापीठाची पदवी मिळे. फिशर त्या काळी या विषयातील अग्रगण्य जर्मन शास्त्रज्ञ मानले जात. १९०८ मध्ये त्यांनी जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेत, म्हणजे सध्याच्या नामिबियात, रेहोबोथ येथील मिश्रवंशीय समाजाची पाहणी केली होती. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम माणसालाही लागू पडतात, हे दाखविण्याचा प्रयत्न म्हणून १९१३ मधील त्यांच्या ग्रंथाचे कौतुक झाले. त्याच ग्रंथात वंशसंकराविरुद्ध राजकीय शिफारशीही होत्या. एर्व्हिन बाउर व फ्रिट्स लेन्झ यांच्यासह त्यांनी लिहिलेले मानवी आनुवंशिकीवरील पाठ्यपुस्तक १९२१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तेच पुढे नाझी वंशधोरणाचा शास्त्रीय आधार म्हणून वापरले गेले. १९२८ मध्ये मात्र हिटलर सत्तेपासून दूर होता. डालेमची संस्था ही नव्या इमारतीतील, नव्या उपकरणांची, प्रतिष्ठित शास्त्रसंस्था होती. भारतातून आलेल्या २३ वर्षांच्या विद्यार्थिनीला तेथे प्रवेश मिळाला, हे वायमार प्रजासत्ताकातील विद्याजीवनाच्या मोकळेपणाचे लक्षण होते. मानवशास्त्राबरोबर प्राणिशास्त्र, संस्कृत व तत्त्वज्ञान यांचाही अभ्यास त्यांनी तेथे केला.

कवटी मोजण्याचे शास्त्र तोपर्यंत पुष्कळ काटेकोर झाले होते. स्वीडिश शरीररचनाशास्त्रज्ञ आंडेर्स रेट्सियस यांनी १८४० नंतरच्या दशकात कवटीच्या रुंदीचे लांबीशी शेकडा प्रमाण काढण्याची रीत घातली. तिला शीर्ष-निर्देशांक म्हणतात. ७५ च्या खाली लांबट, ८० च्या वर रुंद, अशी स्थूल वर्गवारी केली जाई. परंतु वेगवेगळ्या देशांतील शास्त्रज्ञ कवटी वेगवेगळ्या रीतीने धरीत आणि वेगवेगळ्या बिंदूंपासून मोजीत, त्यामुळे आकडे तुलनेस निरुपयोगी ठरत. यावर उपाय म्हणून १८८४ मध्ये जर्मन मानवशास्त्रज्ञांनी फ्रँकफुर्ट येथे एक क्षितिजसमांतर प्रतल ठरविले. नेत्रखाचेची खालची कड आणि कर्णरंध्राची वरची कड एका आडव्या पातळीत आणून कवटी बसवावयाची, मगच मोजावयाची. रूडोल्फ मार्टीन यांच्या १९१४ मधील पाठ्यग्रंथाने कवटीवरील बिंदूंना नावे, मापांना क्रमांक आणि उपकरणांना निश्चित रूप दिले. टोके वळलेला कॅलिपर, सरकता कॅलिपर, मापनफीत, रेखन-उपकरण ही या अभ्यासाची हत्यारे. विद्यार्थ्याला प्रथम एकच कवटी पुनःपुन्हा मोजावयास लावीत. आज घेतलेले माप व आठवड्याने घेतलेले माप यांत एक-दोन मिलिमीटरांचा फरक पडे आणि आपल्या हातातील दोष किती व कवटीतील फरक किती, हे ओळखणे हाच पहिला धडा असे.

असममितीच्या अभ्यासात हा धडा विशेष महत्त्वाचा ठरतो. माणसाची कवटी वरवर पाहता दोन्ही बाजूंनी सारखी वाटते. प्रत्यक्षात उजव्या व डाव्या अर्धांत थोडाथोडा फरक असतोच. कपाळाचा एक भाग किंचित पुढे, डोक्याच्या मागचा एक भाग किंचित बाहेर, गालाच्या हाडांच्या उंचीत थोडी तफावत, असे त्याचे स्वरूप असते. रोगाने वा जन्मतः आलेल्या व्यंगाने होणारी असममिती निराळी. निरोगी कवटीत आढळणारी ती प्राकृत असममिती. हा फरक इतका लहान असतो की, मापनातील चूक त्याला सहज झाकून टाकते किंवा नसलेला फरक निर्माण करते. त्यासाठी कवटीचा मध्यप्रतल निश्चित करून जोडीच्या प्रत्येक बिंदूचे त्यापासूनचे अंतर दोन्ही बाजूंनी घ्यावे लागते. नंतर प्रत्येक गटाची सरासरी काढावयाची आणि गटागटांतील अंतर हे एका गटातील व्यक्तीव्यक्तींमधील अंतरापेक्षा मोठे आहे का, ते पाहावयाचे. हा शेवटचा प्रश्न न विचारता केवळ सरासऱ्या शेजारी शेजारी मांडणे, हा त्या काळच्या वंशशास्त्राचा नेहमीचा दोष होता.

फिशर यांनी इरावतीबाईंना दिलेला विषय निरुपद्रवी नव्हता. यूरोपीय माणसात तर्कबुद्धीचा विकास अधिक झाला असून त्यामुळे कपाळामागील मेंदूच्या एका बाजूची वाढ अधिक होते, म्हणून यूरोपीय कवटी इतर वंशांच्या कवट्यांहून अधिक असममित असली पाहिजे, असे त्या विषयामागील गृहीतक होते. म्हणजे असममिती हे दोषाचे नव्हे, तर श्रेष्ठत्वाचे चिन्ह ठरावयाचे होते. कोणत्याही दिशेने आकडा आला तरी त्यातून यूरोपियांचे मोठेपण सिद्ध करावे, अशी ही युक्तिवादाची रीत शास्त्राच्या इतिहासात वारंवार आढळते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत यूरोपीय व यूरोपेतर, दोन्ही प्रकारच्या कवट्या होत्या. यूरोपेतरांपैकी काही पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या होत्या. मोजमापांवरून असममिती सर्व गटांत आढळते, मात्र वंश आणि असममितीचे प्रमाण यांत संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ‘मानवी कवटीची प्राकृत असममिती’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा हा जर्मन प्रबंध स्वीकारला गेला, त्यांना डॉक्टरेट मिळाली. परंतु गुरूंनी प्रबंधाला चांगली श्रेणी दिली नाही.

या प्रसंगाला नाट्यमय रूप देण्याचा मोह अलीकडील लेखनात दिसतो. प्रबंधात गुरूविरुद्ध बंडाची भाषा नाही. आकडे आहेत, आणि आकड्यांनी जे दाखविले नाही ते दाखविले असे म्हणण्यास नकार आहे. विद्यार्थ्याच्या दृष्टीने यातील धोका मात्र खरा होता. परक्या देशात, कर्जाऊ पैशावर, परक्या भाषेत प्रबंध लिहिणाऱ्या आणि पदवीसाठी एकाच प्राध्यापकाच्या मतावर अवलंबून असणाऱ्या व्यक्तीने अपेक्षित उत्तर थोडे झुकवून दिले असते, तर ते कोणाच्या लक्षातही आले नसते. पाच-दहा कवट्या वगळून सरासरी बदलता येते. फिशर यांच्या संस्थेने शिकविलेली पद्धती इतकी चोख होती की, तिचा प्रामाणिक वापर केल्यास संस्थेच्या मतालाच बाध यावा, आणि तसेच घडले. असे घडण्याचे हे एकमेव उदाहरणही नव्हे. बर्लिनमध्येच अध्यापनाची पात्रता मिळवून अमेरिकेस गेलेले फ्रांट्स बोआस यांनी १९११ च्या सुमारास स्थलांतरितांच्या मुलांची डोकी मोजून, शीर्ष-निर्देशांक हा वंशाचा अढळ खुणेचा दगड नसून परिस्थितीनुसार एका पिढीतही बदलू शकतो, असे दाखविले होते. तथापि मापे घेणारा स्वतंत्र प्राध्यापक असणे आणि विद्यार्थी असणे यांत अंतर आहे.

इरावतीबाई १९३० मध्ये भारतात परतल्या. तीन वर्षांनी हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्यू प्राध्यापकांची हकालपट्टी त्यांच्या कारकीर्दीत झाली. १९३७ मध्ये ऱ्हाइनलँडमधील मिश्रवंशीय मुलांचे सक्तीने निर्बीजीकरण करण्यात आले, तेव्हा त्यांचा ‘वंश’ ठरविण्याचे काम डालेमच्या संस्थेतील तज्ञांनीही केले. फिशर १९४२ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेले ओटमार फोन फर्शूर यांच्याकडे योझेफ मेंगेल हा आउश्विट्सच्या छळछावणीतून मानवी अवयवांचे नमुने धाडीत असे. कॅलिपर तेच, तक्ते तेच, बिंदूंची नावे तीच. पद्धतीचा काटेकोरपणा हा स्वतः होऊन माणुसकीचा जामीन होत नाही, हे या संस्थेच्या इतिहासाने दाखविले आहे.

त्या काळच्या अभ्यासकांपैकी फारच थोड्यांनी विचारलेला आणखी एक प्रश्न आहे : या कवट्या आल्या कोठून? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जर्मन वसाहतींतील अधिकारी, लष्करी डॉक्टर, प्रवासी यांनी दफनभूमी उकरून, लढाईत वा फाशीने मेलेल्यांची मस्तके जमा करून ती बर्लिनकडे पाठविली. फेलिक्स फोन लूशान (१८५४–१९२४) यांनी अशा सहस्रावधी कवट्यांचा संग्रह केला. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या सुमारे अकराशे कवट्यांचा मूळ ठावठिकाणा शोधण्याचे काम बर्लिनमध्ये २०१७ पासून हाती घेण्यात आले. त्यांतील काहींचे नातेवाईक टांझानियात सापडल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. इरावतीबाईंच्या निष्कर्षाचे मोल यामुळे कमी होत नाही. परंतु तो निष्कर्ष ज्यांच्या हाडांवरून निघाला त्यांची संमती कोणी घेतली नव्हती, हेही त्याच इतिहासाचा भाग आहे.

भारतात परतल्यावर त्यांना लगेच संशोधनाची संधी मिळाली नाही. काही वर्षे त्यांनी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या कुलसचिव म्हणून काम केले. पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले, तेव्हा समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून त्यांची तेथे नेमणूक झाली आणि अखेरपर्यंत तीच त्यांची कर्मभूमी राहिली. येथे बर्लिनच्या पद्धतीला वेगळे वळण मिळाले. संग्रहातील कवट्या नव्हत्या. जिवंत माणसे होती, आणि ती मोजून घेण्यास तयार व्हावीत म्हणून प्रथम त्यांच्याशी बोलावे लागे. कॅलिपर घेऊन गावात गेलेल्या संशोधिकेला लग्नसंबंध, कुळे, देवक, सोयरिकीच्या सीमा यांची माहिती आधी मिळे व डोक्याची मापे नंतर. कोणता गट स्वतंत्र मानावयाचा, हे कॅलिपरवरून ठरत नाही, बेटीव्यवहारावरून ठरते, हे यातून स्पष्ट झाले. ‘ब्राह्मण’ किंवा ‘कुणबी’ असे मोठे नाव घेऊन सरासरी काढणे निरर्थक आहे. ज्या मर्यादेत लग्ने होतात तो अंतर्विवाही गट हेच मोजणीचे एकक असले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. महाराष्ट्रातील मानवमितीला त्यांनी दिलेली ही सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती होय.

या कामात त्यांना संख्याशास्त्रज्ञाची मदत घ्यावी लागली, हेही उल्लेखनीय आहे. बर्लिनमध्ये त्या मोजावयास शिकल्या. अनेक मापांचा एकत्र विचार करून दोन गटांमधील अंतर काढण्याचे गणित मात्र भारतातच विकसित झाले होते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कलकत्त्यात मांडलेले १९३६ चे सूत्र आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. वि. म. दांडेकर यांच्या सहकार्याने लिहिलेला महाराष्ट्रातील मानवमितीय मापांवरील त्यांचा ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे कै. च. मल्होत्रा यांच्यासह त्यांनी समान सामाजिक दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना केली आणि ती १९६८ मध्ये करंट अँथ्रपॉलॉजी या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आली. एकाच वर्णाचे नाव लावणारे गट एकमेकांहून लक्षणीय प्रमाणात वेगळे असू शकतात, असे या तुलनेत दिसले. यावरून, एक मूळ जात फुटून पोटजाती झाल्या हे प्रचलित मत सर्वत्र लागू पडत नाही, मुळातच निरनिराळे असलेले गट एका व्यवसायाच्या वा वर्णाच्या नावाखाली शेजारी शेजारी नांदू लागले असावेत, या त्यांच्या सिद्धांताला बळ मिळाले. १९६१ च्या हिंदू सोसायटी या ग्रंथात त्यांनी कुंभारांचे उदाहरण घेतले आहे. थोरचाके व लहानचाके कुंभार मडकीच घडवितात. पण चाक निराळे, तंत्र निराळे आणि सोयरीक तर नाहीच. कवटीपेक्षा चाक कधी कधी अधिक सांगते, हे डालेममध्ये कोणी शिकविले नव्हते.

त्यांच्या कामाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. वंशांची उतरंड त्यांनी नाकारली, तरी वंश ही संकल्पना आणि शरीरमापांवरून समाजाचा इतिहास वाचण्याची आशा त्यांनी सोडली नाही. मापांच्या जोडीला पुढे रक्तगट आले, तरी मूळ प्रश्न तोच राहिला. डीएनएच्या आधारे काम करणारी आजची आनुवंशिकी त्या मापांना फारसे वजन देत नाही. जातींतर्गत विवाहाची ऐतिहासिक व्याप्ती तपासताना मात्र तीही अंतर्विवाही गट हेच एकक धरते.

मोजमापाचे हे शिक्षण पुरातत्त्वविद्येलाही उपयोगी पडले. डेक्कन कॉलेजमधील त्यांचे सहकारी ह. धी. सांकलिया हे लंडन विद्यापीठात शिकून आले होते. गुजरातमधील लांघणज येथे सांकलियांच्या मोहिमेत मानवी सांगाडे मिळाले, तेव्हा ते हाताळण्यास इरावतीबाई उत्खननाच्या जागी होत्या, आणि १९४५ च्या प्राथमिक अहवालात त्या अवशेषांवर त्यांचे लेखन आहे. १९५०–५१ मध्ये सांकलिया व शां. भा. देव यांनी नाशिक आणि जोर्वे येथे उत्खनन केले. नाशिकला गोदावरीच्या काठच्या जुन्या गढीच्या टेकाडात सातवाहनपूर्व काळापर्यंतचे थर मिळाले, तर जोर्वे या नगर जिल्ह्यातील गावाचे नाव महाराष्ट्रातील ताम्रपाषाण संस्कृतीलाच पडले. ही माणसे कोण होती, हा प्रश्न तेथून पुढे दख्खनच्या प्रत्येक उत्खननात विचारला जाऊ लागला आणि सांगाड्यांच्या अभ्यासाची एक परंपराच डेक्कन कॉलेजात रुजली.

बर्लिनहून पुण्यास आलेली दुसरी पद्धती संहिताचिकित्सेची. लूडर्स यांनी १९०८ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा नमुना तयार केला होता. यूरोपातील ती योजना महायुद्धामुळे मागे पडली. त्यांचे शिष्य सुखठणकर हे १९२५ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारत प्रकल्पाचे प्रमुख संपादक झाले आणि १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण झाले. सुखठणकर १९४३ मध्ये निधन पावले. सर्व पर्वांचे काम १९६६ मध्ये संपले. पोथीपोथीतील पाठ ओळीने मांडावयाचे, आवडता श्लोक असला तरी जुन्या पोथ्यांत नसल्यास तो तळटीपेत टाकावयाचा, अशी ही शिस्त. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, इरावतीबाईंचे युगान्त प्रसिद्ध झाले. त्याचा आधार ही चिकित्सक आवृत्तीच होती. कुंती, गांधारी, द्रौपदी, कर्ण यांच्याविषयी मराठी मनात शतकानुशतके साठलेले पुष्कळसे भाबडे श्रद्धेचे थर त्यांनी तेथे दूर केले. या पुस्तकाला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्याचे वाचक त्यांच्या कवट्यांवरील प्रबंधाच्या वाचकांपेक्षा अर्थातच सहस्रपटींनी अधिक आहेत, आणि त्यामुळे मराठी वाचकाला लेखिका इरावती कर्वे परिचित व संशोधक इरावती कर्वे काहीशा अपरिचित, अशी स्थिती झाली आहे.

डालेममधील त्या संस्थेची इमारत आता बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीच्या राज्यशास्त्र विभागाकडे आहे. तेथील शास्त्रज्ञांच्या नाझी राजवटीतील सहभागाची आठवण देणारा फलक १९८८ मध्ये दारापाशी लावण्यात आला. २०१४ मध्ये आवारातील खोदकामात मानवी हाडांचे तुकडे सापडले आणि नंतरच्या पुरातत्त्वीय खोदाईत त्यांची संख्या सहस्रावधी झाली. काही तुकड्यांवर गोंदाचे व लेखनाचे अवशेष होते, म्हणजे ती संग्रहातली हाडे होती. वसाहतींतून आणलेल्या व नाझी काळात बळी पडलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या माणसांची ती असावीत. ज्या समाजांचे हे लोक असण्याचा संभव होता त्यांच्या प्रतिनिधींशी विचारविनिमय होऊन, या हाडांचे पुढील परीक्षण करू नये आणि त्यांची वंशवार वर्गवारीही करू नये, असे ठरले. २३ मार्च २०२३ रोजी डालेमच्या वनदफनभूमीत ती सर्व एकत्र पुरण्यात आली.